मुलासाठी वजनदार गोधडी : माप, शिवण आणि सावधगिरी



सुगी आटोपली की आपल्याकडे घरोघर जुन्या लुगड्यांची गाठोडी सुटतात आणि गोधड्या शिवायला घेतल्या जातात. कुणी तिला वाकळ म्हणते, कुणी कौदी. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांतल्या सिद्दी भगिनी तिला कवंदी म्हणतात. त्या कडेपासून शिवत शिवत मध्यापर्यंत येतात आणि चारी कोपऱ्यांवर कापडाची फुले लावतात. गोधडी कशी शिवावी हे आमच्या वाचक भगिनींना कुणी शिकवायला नको. पण आज ज्या गोधडीची माहिती आम्ही देत आहोत, ती थंडीसाठी नाही. तिच्यात लहान लहान कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात मोजून दाणे भरलेले असतात. काही मुलांना अशा गोधडीच्या वजनाने स्वस्थ वाटते. बाजारात ती महाग मिळते, घरी स्वस्तात होते. मात्र ती शिवताना आणि वापरताना एक गोष्ट मनात पक्की धरावी लागते : वजन माफक हवे, आणि ते अंगावरून काढून टाकणे मुलाच्या स्वतःच्या हाती हवे. हे सांभाळले तर ती सोय आहे. हे विसरले तर ती जिवावर बेतू शकते.

ही कोणत्या मुलांसाठी?

काही मुले रात्री अंथरुणावर तासन् तास तळमळतात. दिवसा बँडचा आवाज, फटाके, मिक्सरची घरघर कानावर पडली की कान झाकून घेतात. अंगाला नुसता हात लागला तरी चिडतात. पण घट्ट मिठी मारली, की शांत होतात. गाद्यांच्या ढिगाखाली, कोनाड्यात, दोन माणसांच्या मध्ये घुसून बसणे त्यांना आवडते. यांतील काही मुलांना स्वमग्नता असते, म्हणजे डॉक्टर ज्याला ऑटिझम म्हणतात ती अवस्था. काही मुले फार चंचल असतात. काहींना कसलाही आजार नसतो, स्वभावच तसा असतो. अशा मुलाला लोक हट्टी म्हणतात, लाडाने बिघडलेले म्हणतात, कुणी दृष्ट लागली म्हणतात. आई मात्र रात्रभर जागी असते आणि सकाळी तिला शेतावर जायचे असते. हा लेख मुख्यतः तिच्यासाठी आहे.

दाबाने शांत का वाटते?

हलका, गुदगुल्या केल्यासारखा स्पर्श शरीराला सावध करतो. पूर्ण तळव्याचा, स्थिर, घट्ट दाब बहुधा निवांत करतो. रडणारे मूल आपण बोटाने टोचत नाही, छातीशी धरतो, ते याचमुळे.

जनावरे पाळणाऱ्या आमच्या वाचकांना यासंबंधीची एक हकीकत लगेच पटेल. अमेरिकेत टेंपल ग्रँडिन नावाच्या बाई आहेत. त्यांचा जन्म १९४७ चा. त्या स्वतः स्वमग्न आहेत आणि पुढे पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या. लहान वयात त्या फार घाबऱ्या होत्या. कुणी मिठी मारलेली त्यांना सहन होत नसे, पण दाब मात्र हवाहवासा वाटे. अ‍ॅरिझोना राज्यात मावशीच्या गुरांच्या वाडीवर त्यांनी एक खोडा पाहिला. लस टोचताना गुराला दोन्ही बाजूंनी धरून ठेवण्याचा तो खोडा होता. दोन्ही फळ्या अंगाला लागल्या की काही बिथरलेली गुरे शांत उभी राहत. ते पाहून त्यांनी स्वतःसाठी लाकडी फळ्यांचे तसलेच यंत्र बनवले. त्यात शिरून दाब घेतला की त्यांची घबराट उतरे. त्या अनुभवावर त्यांनी १९९२ साली शास्त्रीय लेखही लिहिला.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी : दाब किती घ्यायचा आणि केव्हा सोडायचा याची दांडी त्यांच्या स्वतःच्या हातात होती. दुसऱ्याने पकडलेले त्यांना सोसत नव्हते. स्वतः घेतलेला दाब सुख देत होता. वजनदार गोधडीचा सगळा गुण आणि सगळा धोका या एका फरकात आहे.

गुण किती, हेही नीट समजून घ्यावे

या गोधडीविषयी पुष्कळ मोठमोठे दावे केले जातात. २०१४ साली ‘पेडियाट्रिक्स’ या बालवैद्यकाच्या मासिकात इंग्लंडमधील एका चाचणीचे निष्कर्ष छापून आले. त्यात ५ ते १६ वर्षांच्या ६७ स्वमग्न मुलांची पाहणी होती. प्रत्येक मुलाने सुमारे दोन आठवडे वजनदार पांघरूण वापरले आणि सुमारे दोन आठवडे तसेच दिसणारे साधे पांघरूण वापरले. मोजून पाहता झोपेच्या तासांत काही वाढ झाली नाही. तरीपण मुलांनी आणि आईवडिलांनी वजनदार पांघरुणालाच अधिक पसंती दिली.

म्हणून आम्ही असे सांगू : ही गोधडी औषध नव्हे. तिने स्वमग्नता जात नाही. काही मुलांना तिच्याखाली बरे वाटते, काहींना अजिबात आवडत नाही. मुलाला आवडली तर ठेवावी, न आवडली तर आग्रह करू नये.

आधी करून पाहा, मग शिवा

कापड फाडण्यापूर्वी तीन-चार संध्याकाळी एक साधा प्रयोग करावा. घरातली जाड सुती गोधडी चौघडी करून बसलेल्या मुलाच्या मांडीवर ठेवावी. मूल ती ओढून घेते की ढकलते, ते पाहावे. ढकलले, तर विषय तिथेच संपवावा. ओढून घेतले, तर पुढच्या तयारीला लागावे.

याच वेळी दुसरी कारणेही तपासून घ्यावीत. मूल घोरते का, तोंडाने श्वास घेते का? रात्री अंग खाजवते का? खरूज रात्रीच जास्त खाजते. गुदद्वाराशी खाज असेल तर जंत असू शकतात. पाय सारखे हलवत असेल आणि चेहरा फिकट असेल तर रक्तात लोह कमी असण्याचा संभव असतो. कान दुखतो का? दात किडला आहे का? यांतले काही असेल तर गोधडीने ते झाकले जाईल, बरे होणार नाही. आधी डॉक्टरांना दाखवावे.

वजनाचा हिशेब

साधारण नियम असा, की गोधडीचे एकूण वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या भागाएवढे असावे. यापेक्षा कमी चालते, जास्त नको. ‘जास्त वजन म्हणजे जास्त गुण’ असे समजणे घातक आहे. अंदाजाने चालू नये. मूल आधी काट्यावर उभे करावे.

समजा, मुलाचे वजन २० किलो आहे. गोधडी २ किलोची होईल. हे दोन किलो कापड, दोरा, दाणे आणि वरची खोळ असे सगळे मिळून. कापड, दोरा आणि खोळ आधीच तोलावी. समजा ते ५०० ग्रॅम भरले, तर दाण्यांसाठी १,५०० ग्रॅम उरतात.

लांबी मुलाच्या खांद्यापासून पावलापर्यंत घ्यावी, डोक्यापर्यंत नको. रुंदी अंग झाकेल एवढीच असावी. खाटेच्या कडेवरून गोधडी लोंबली तर वजनाने घसरते. साधारण सहा वर्षांच्या मुलाला कप्प्यांचा भाग १०० सेंटीमीटर लांब व ८० सेंटीमीटर रुंद पुरतो. १० सेंटीमीटरचे चौकोनी कप्पे केले, तर आडव्या १० ओळी आणि प्रत्येक ओळीत ८ कप्पे, असे ८० कप्पे होतात. १,५०० ग्रॅम दाणे १० ओळींत वाटले की एका ओळीला १५० ग्रॅम येतात. किराणा दुकानातल्या तराजूवर शंभराचे एक आणि पन्नासाचे एक वजन टाकून ते नेमके मोजता येतात. ओळीचे १५० ग्रॅम आठ वाटे करून घातले की कप्प्यात १९ ग्रॅमच्या आसपास पडतात.

काय भरावे, काय भरू नये

भरण्यासाठी गुळगुळीत, धुता येणारे आणि न कुजणारे दाणे हवेत. दोन ते चार मिलीमीटरचे काचेचे गोल मणी चांगले. प्लास्टिकचे गोल दाणेही चालतात. ते हलके असल्याने कप्पा थोडा फुगतो. हे न मिळाल्यास माशांच्या काचपेटीत घालतात ती बारीक गोल खडी आणावी. पाणी नितळ येईपर्यंत ती धुवावी आणि दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवावी.

शेतकऱ्याच्या घरात दाण्यांना तोटा नसतो, म्हणून काय भरू नये हे अधिक स्पष्ट सांगतो.

१) ज्वारी, तांदूळ, चिंचोके, कडधान्य भरू नये. धुता येत नाही, सोंडे लागतात, उंदीर येतात.

२) पेरणीसाठी औषध लावलेले बियाणे घरात मुलाजवळसुद्धा आणू नये, मग भरण्याची गोष्टच सोडा.

३) एरंडीच्या बिया कदापि भरू नयेत. त्यांत जहाल विष असते. कप्पा उसवून मुलाने थोड्या बिया चावून खाल्ल्या तर जीव धोक्यात येतो.

४) मासे पकडण्याच्या जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या वापरू नयेत. शिसे मुलांच्या मेंदूला अपाय करते. लोखंडी छर्रे गंजतात.

५) बारीक वाळू शिवणीतून झिरपते आणि तिची धूळ छातीला वाईट.

कापड आणि शिवण

आतले कापड घट्ट विणीचे सुती घ्यावे, पॉपलिन किंवा ड्रिल. कापड आधी धुऊन, आटवून, इस्त्री करून घ्यावे. ८८ सेंटीमीटर रुंद व १०८ सेंटीमीटर लांब असे दोन तुकडे कापावे.

पहिली पायरी. दोन्ही तुकडे सुलट बाजू आत करून एकमेकांवर ठेवावे. दोन लांब बाजू आणि खालची बाजू दीड सेंटीमीटर आत टीप मारून शिवावी. वरची बाजू उघडी ठेवावी. पिशवी उलटावी, म्हणजे सुलट बाजू वर येईल.

दुसरी पायरी. याच तीन कडांना अडीच सेंटीमीटर आत आणखी एक टीप मारावी. टाका लहान ठेवावा. ही किनार दाणे कडेला येऊ देत नाही.

तिसरी पायरी. खडूने आतल्या भागावर दर १० सेंटीमीटरला उभ्या सात रेघा आखाव्यात. खालून वरपर्यंत त्यांवर दुहेरी टीप मारावी. आठ उभ्या नळ्या तयार होतील. आता आडव्या रेघाही आखून ठेवाव्यात.

चौथी पायरी. दीडशे ग्रॅमच्या दाण्यांचे आठ सारखे वाटे करावे. कागदाचे नरसाळे करून प्रत्येक नळीत एक वाटा टाकावा. पिशवी हलकेच झटकून दाणे तळाशी जाऊ द्यावेत. आडव्या रेघेच्या खाली टाचण्यांची ओळ लावावी, म्हणजे दाणे सुईखाली येणार नाहीत. मग रेघेवर दुहेरी टीप मारावी. टाचण्या मोजून लावाव्या, मोजून काढाव्या. एखादी आत राहिली तर मुलाला टोचेल.

पाचवी पायरी. अशा दहा ओळी भराव्यात. जसजशा ओळी भरतील तसतसे वजन मशीनवरून खाली ओढते आणि सुई मोडते. म्हणून शेजारी स्टूल किंवा बाक ठेवून भरलेला भाग त्यावर टेकवावा. सुई मोडलीच, तर तिचे सर्व तुकडे सापडल्याशिवाय पुढे जाऊ नये.

सहावी पायरी. शेवटची ओळ भरली की वरची उघडी कड दीड सेंटीमीटर आत दुमडावी. कडेला एक टीप आणि अडीच सेंटीमीटर आत दुहेरी टीप मारून ती बंद करावी.

मशीन नसेल तर हाताने शिवता येते, पण नेहमीचा धावदोरा इथे पुरत नाही. त्याच्या फटीतून दाणे निसटतात. मागे टाका घेऊन पुढे जाणारी टीप घालावी आणि दोरा दुहेरी घ्यावा.

वरून जुन्या मऊ लुगड्याची सैल खोळ करावी. आजीच्या लुगड्याचा ओळखीचा वास आणि मऊपणा मुलाला आवडतो, शिवाय दाण्यांचा आवाजही दबतो. उशीच्या अभ्र्यासारखी खोळीची पट्टी आत दुमडावी आणि पाच-सहा टाके घालून गोधडीला अडकवावी. लांब नाड्या, झालर, बटणे, टिकल्या लावू नयेत. नाडी गळ्याभोवती अडकते, बटण तोंडात जाते.

पूर्ण झालेली गोधडी पुन्हा काट्यावर ठेवावी. वजन ठरल्यापेक्षा जास्त भरले, तर एक-दोन ओळी उसवून दाणे कमी करावेत.

वापरण्याचे नियम

पहिला नियम : तान्ह्या बाळाच्या अंगावर वजनदार पांघरूण, दुपटे किंवा पिशवी कधीही घालू नये. अमेरिकेच्या बालवैद्यांच्या अकादमीने २०२२ साली बाळांच्या झोपेसंबंधी जो सल्ला दिला, त्यात वजनदार वस्तू बाळाच्या अंगावर किंवा जवळ ठेवू नयेत असे म्हटले आहे. आम्ही तर तीन वर्षांखालील कोणत्याही मुलासाठी ही गोधडी सुचवीत नाही.

दुसरा नियम : मुलाची परीक्षा घ्यावी. दिवसाउजेडी, खेळ म्हणून, मुलाला गोधडीखाली झोपवावे आणि ‘आता फेकून दे पाहू’ असे सांगावे. ते पाठीवर असताना, कुशीवर असताना आणि पालथे असताना, तिन्ही वेळा एकट्याने गोधडी झटकून उठता आले पाहिजे. एकदाही अडले तर गोधडी त्याच्यासाठी जड आहे. ज्या मुलाला हातपाय नीट हलवता येत नाहीत किंवा ‘नको’ हे शब्दाने वा खुणेने सांगता येत नाही, त्याला ही गोधडी देऊ नये.

तिसरा नियम : मुलाला तिच्यात गुंडाळू नये, तिच्यावर बसू नये, तोंड व डोके कधीही झाकू नये. कॅनडाच्या क्विबेक प्रांतात २००८ साली एका शाळेत नऊ वर्षांच्या स्वमग्न मुलाला शांत करण्यासाठी वजनदार पांघरुणात गुंडाळून ठेवले होते. ते बेशुद्ध सापडले आणि दगावले. गुंडाळलेल्या मुलाला पांघरूण झटकता येत नाही. ग्रँडिनबाईंच्या हातात दांडी होती, या मुलाच्या हातात ती नव्हती.

चौथा नियम : शिक्षा म्हणून किंवा गप्प बसवण्यासाठी गोधडी वापरू नये. मूल रागाने हातपाय झाडत असताना ती त्याच्यावर टाकू नये. शांत वेळी ‘हवी का?’ असे विचारावे. नको म्हटले की बाजूला ठेवावी.

पाचवा नियम : सुरुवात थोड्या वेळाने करावी. बसलेल्या मुलाच्या मांडीवर १०-१५ मिनिटे, मोठे माणूस जवळ असताना. पुढे झोपताना पायांवर व पोटापर्यंत घालावी. झोप लागली की हलकेच काढून नेहमीचे पांघरूण घालावे. रात्रभर अंगावर ठेवू नये. घाम येत असेल तर लगेच काढावी; चैत्र-वैशाखात तर मांडीपुरतीच वापरावी.

दमा, फिट्स, हृदयाचा विकार, झोपेत श्वास अडकणे, स्नायूंचा अशक्तपणा किंवा अंगावर जखमा असतील, तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ही गोधडी देऊ नये.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

मूल हाक मारल्यावर बघत नाही, वयाच्या मानाने बोलत नाही, आधी बोलत होते ते थांबले, इतर मुलांत मिसळत नाही, यांपैकी काही दिसले तर वाट पाहू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. आपल्या अंगणवाडी सेविकेला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे. तेथून पुढे जिल्हा रुग्णालयात पाठवतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचाही समावेश आहे, त्यामुळे तपासणीनंतर मुलाला प्रमाणपत्र मिळू शकते. हे करण्यात कमीपणा नाही. बी उगवायला उशीर झाला तर आपण जमीन उकरून पाहतो, शेजारी काय म्हणेल याचा विचार करीत नाही.

निगा

खोळ दर आठवड्याला धुवावी. आतली गोधडी दोन-तीन महिन्यांतून एकदा मोठ्या टबात, पिळून न काढता धुवावी. दोरीवर टांगली तर वजनाने शिवण उसवते, म्हणून बाजेवर पसरून वाळवावी. दर रविवारी उजेडात धरून प्रत्येक ओळीवरून बोट फिरवावे. एक टाका जरी सुटला असेल, तर शिवेपर्यंत गोधडी वापरू नये. काही मुलांना कापड चघळण्याची सवय असते. अशा मुलाच्या गोधडीचे कोपरे रोज पाहावेत.

शिवून झाल्यावर एका कापडी पट्टीवर मुलाचे नाव, त्याचे वजन, गोधडीचे वजन आणि तारीख न जाणाऱ्या शाईने लिहून ती पट्टी कोपऱ्यात शिवावी. एकाचे माप दुसऱ्याला लागू नाही. थोरल्याची गोधडी धाकट्याच्या पाळण्यावर कौतुकाने टाकली जाते, तीच वेळ धोक्याची असते. घरातल्या आजी-आजोबांना आणि सांभाळायला येणाऱ्या काकू-मावश्यांना ही पट्टी वाचून दाखवावी. मूल वापरत नसेल तेव्हा गोधडी ट्रंकेत ठेवून झाकण लावावे.